कळफलकावरचा दुअंमल

रशियन भाषेत परवलीच्या शब्दाला 'पारोल' म्हणतात. आणि चोरीस गेलेल्या पासवर्डांच्या ज्या याद्या आजवर उघड्यावर आल्या, त्यांत 'जीएफएचजेकेएम' असा, कोणत्याही भाषेत धड उच्चारता न येणारा, सहा रोमन अक्षरांचा एक पुंजका वारंवार आढळतो. 'पारोल' शब्दाची सहा सिरिलिक अक्षरे रशियन कळफलकावर ज्या कळांवर बसविलेली आहेत, त्याच कळा संगणक रोमन लिपीच्या अंमलाखाली असताना दाबल्या की हा पुंजका निपजतो. कळफलकावर दोन लिपींचा दुअंमल असला म्हणजे परवलीचा शब्द टंकण्यापूर्वी या घटकेला राज्य कोणाचे आहे, याची खातरजमा करावी लागते. आणि या खातरजमेचे मूळ धुंडाळू लागल्यावर तो माग मला पहिल्या पासवर्डाच्याही सुमारे नव्वद वर्षे मागे, थेट तारकचेरीत घेऊन गेला.

या मताचा प्रतिपक्ष दुबळा नाही. १८७८ साली बाजारात आलेल्या रेमिंग्टनच्या दुसऱ्या नंबरच्या टंकयंत्रात एकाच कळीवर लहान व मोठी अशी दोन अक्षरे बसवून 'शिफ्ट'ची योजना करण्यात आली, आणि एका कळीने दोन अक्षरांचा भार वाहावा ही प्रथा तेथून रूढ झाली, असे टंकयंत्राचे अभिमानी सांगतात. ते खरेच आहे. परंतु टंकयंत्राची शिफ्ट बोट उचलताच ओसरते, आणि कोणी तिचा खटका अडकवून ठेवला तरी उमटणारे प्रत्येक अक्षर कागदावर साक्ष देत असते. पासवर्डाच्या चौकटीत आपल्याला नडते ती शिफ्ट निराळ्या जातीची आहे: एकदा हुकूम सुटला की दुसरा हुकूम येईतो जारी राहणारी, आणि वर अदृश्य.

अशी शिफ्ट एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्रज्ञाच्या हातून रूढ झाली. १८७४ साली त्याने ज्या संकेतपद्धतीचे पेटंट घेतले, तीत प्रत्येक चिन्हाला पाच घटक होते. पाच घटकांचे संयोग बत्तीसच होतात, आणि रोमन वर्णमाला, दहा अंक व विरामचिन्हे मिळून एवढा पसारा त्यांत मावणे अशक्य. तेव्हा दोन संयोगांना अक्षरांच्या चाकरीतून मुक्त करून केवळ फर्माने बजावण्याचे काम देण्यात आले: एकाने 'यापुढे अक्षरे' असे बजावावे, दुसऱ्याने 'यापुढे अंक'. फर्मान स्वतः कागदावर उमटत नसे. त्याचा अंमल मात्र पुढच्या प्रत्येक चिन्हावर चाले. या पद्धतीची जी वंशज पुढे आंतरराष्ट्रीय दुसरी तारवर्णमाला म्हणून जगभर मान्य झाली, तीत अंकांची जागा रोमन कळफलकाच्या वरच्या ओळीतील क्यू ते पी या दहा अक्षरांशी जोडलेली होती. त्यामुळे अंकांचे फर्मान वाटेत गळाले तर १९४७ हे साल पलीकडे 'क्यूओआरयू' असे उमटे, आणि जाणत्याला वरची ओळ मनात आणून ते पुन्हा साल म्हणून वाचता येई. बिनतारी दूरमुद्रकावर तर नुसती खरखरही खोटे फर्मान काढी. म्हणून शब्दांमधील मोकळी जागा येताच यंत्राने आपण होऊन अक्षरांकडे परतावे, अशी तजवीज पुढे करण्यात आली.

'क्यूओआरयू' आणि 'जीएफएचजेकेएम' ही एकाच कुळातली आहेत असे म्हणावयाचे, तर मधल्या पिढ्या दाखविल्या पाहिजेत. त्या सोव्हिएत रशियात सापडतात. तेथील तारसंकेतात अक्षरे व अंक यांच्या जोडीला सिरिलिक हा तिसरा अंमल आला, आणि आंतरराष्ट्रीय वर्णमालेत रिकामा राहिलेला, पाचही घटक शून्य असलेला संयोग त्याच्या फर्मानासाठी वापरला गेला. नंतर १९६७च्या सात बिटांच्या सोव्हिएत संगणकीय संकेतावलीत हेच काम १४ व १५ या क्रमांकांच्या अदृश्य नियंत्रणचिन्हांकडे गेले, आणि तेथील संगणकांच्या कळफलकांवर 'रूस' व 'लात' अशा दोन स्वतंत्र कळा अवतरल्या. आज ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलणारा टंकलेखक बोदोचेच फर्मान नव्या मोहरेने काढीत असतो, असा माझा कयास आहे. टंकयंत्राने या घराण्याला फार तर 'शिफ्ट' हे नाव दिले.

आता या अदृश्य फर्मानाची गाठ अदृश्य शब्दाशी पडली. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी संगणकव्यवस्था दाखविली. तीत प्रत्येकाचे दफ्तर निराळे राखण्यासाठी पासवर्ड आला, आणि शेजाऱ्याने तो वाचू नये म्हणून टंकताना छपाई बंद ठेवण्याची रीत आली. तारबाबूचा शेवटचा आधार, म्हणजे उमटलेला कागद, अशा रीतीने नेमका या एका ठिकाणी काढून घेण्यात आला. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांच्या १९७९च्या निबंधात वर्णिलेल्या युनिक्स पद्धतीने तर पासवर्डाऐवजी त्याचे उलगडता न येणारे रूपांतर तेवढे जपून ठेवले. त्यात एका बिटाचा फरक पडला तरी सर्वस्वी निराळे फळ येते. या जुन्या पद्धतीत पहिली आठच चिन्हे, आणि त्यांचे सातच बिट जमेस धरीत. इकडे १९७४च्या आठ बिटांच्या सोव्हिएत संकेतावलीची रचना अशी चतुर, की आठवा बिट गळाला तरी रशियन मजकूर रोमन अक्षरांत वाचता यावा. तिच्यात लिहिलेला 'पारोल' त्या युनिक्सच्या हिशेबी निव्वळ 'पीएआरओएलएक्स' ठरे. म्हणजे चुकीच्या अंमलाखाली एक रूप आणि गळक्या बिटाने दुसरे!

चुकीच्या अंमलाचा कोणी हेतुपुरस्सर फायदाही घेतो. 'जेआय३२के७एयू४ए८३' हा भयंकर दिसणारा पासवर्ड फुटलेल्या याद्यांत पुन्हा पुन्हा कसा येतो, याचा २०१९ साली पुष्कळांना अचंबा वाटला. तैवानच्या बोपोमोफो कळफलकावर त्याच कळांनी 'माझा पासवर्ड' एवढेच लिहिले जाते. ज्याच्या हाती त्या कळफलकाचा नकाशा आहे, त्याला हे कुलूप उघडेच आहे.

मराठीत हा प्रसंग अधिकच रसाळ होतो. १९९१च्या इस्की या भारतीय मानकात वरचे संकेत भारतीय लिपींना देऊन, एका लिपीकडून दुसरीकडे जाण्यासाठी २३९ क्रमांकाचे खास फर्मान राखलेले आहे. बोदोचे घराणे येथेही नांदते. त्याच मानकातील इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्याची बोटे बसली आहेत, त्याने रोमन अंमलाखाली 'पुणे' टंकले तर एच, जी, मोठी सी आणि एस उमटतात. पण अंमल देवनागरीचा असूनही फसगत होते, ती 'दऱ्या'सारख्या शब्दाने. त्यातील रफाराविना येणारा अर्धा र युनिकोडमध्ये ऱ आणि हलन्त यांनी लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही. दोन्ही रूपे डोळ्यांना एकच. रूपांतर मात्र दोघांचे वेगळे. २०१७ साली अमेरिकेच्या मानकसंस्थेने पासवर्डात युनिकोडची चिन्हे स्वीकारावीत आणि रूपांतरापूर्वी त्यांचे प्रमाणीकरण करावे असे सुचविले. परंतु युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन 'दऱ्यां'ना एक मानीत नाही.

कित्येक संगणक या सगळ्या कटकटीवर उपाय म्हणून पासवर्डाच्या चौकटीत कर्सर शिरताच रोमन अंमल लागू करतात. हा उपाय म्हणजे मोकळी जागा येताच अक्षरांकडे परतणाऱ्या दूरमुद्रकाचीच तजवीज होय, आणि माझ्या कुळकथेच्या बाजूने याहून बळकट साक्ष मला दिसत नाही. मराठी माणूस पासवर्ड रोमनमध्ये ठेवतो तो इंग्रजीच्या मोहाने, असा आरोप केला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. टंकलेले अक्षर दाखविणारी डोळ्याची खूण प्रत्येक चौकटीत आणि 'दऱ्या'चे एकच मान्य रूप प्रत्येक संगणकात येईतो, त्याने केलेली निवड शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.