परकीय कर्ज : किमती व चलनावरील परिणाम

परकीय कर्ज म्हणजे परकीय चलनात घेतलेले आणि परकीय चलनातच फेडायचे कर्ज. ते येताना देशी चलनाला आधार मिळतो, फेडताना त्याच चलनावर ताण येतो. महागाईचा धोका मात्र दोन्ही वेळा असतो.

मराठवाड्यातले ठळक उदाहरण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेच्या आयडीए या संस्थेने १९९४ मध्ये सुमारे २४.६ कोटी डॉलर मंजूर केले. तेव्हाच्या ३१.३७ रुपये दराने ही रक्कम सुमारे ७७० कोटी रुपये होते. डॉलर रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीत राहतात, खर्चाला रुपये मिळतात. त्या डॉलरने आयात झाली तर बाजारात माल वाढतो, नाहीतर नुसता पैसा. गवंडी आणि वाळू परदेशातून आणता येत नाही. ५२ गावे नव्याने वसवायची म्हटल्यावर पहिला ताण मजुरीवर आणि बांधकामाच्या साहित्यावर येतो.

देशपातळीवर या कर्जाचा वाटा नगण्य होता. पण त्याच काळात परकीय गुंतवणुकीचा ओघ वाढला, रिझर्व्ह बँकेने डॉलर विकत घेऊन १९९३ ते १९९५ दर ३१.३७ वरच ठेवला, चलनपुरवठा फुगला आणि १९९४-९५ मध्ये घाऊक महागाई दहा टक्क्यांवर गेली. त्यामागे इतरही कारणे होती.

आयडीएच्या या कर्जाची मुदत ३५ वर्षांची होती, सेवाशुल्क पाऊण टक्का. एवढे पाहून कर्ज स्वस्त ठरवणे चूक आहे. डॉलर ८० रुपयांपुढे गेल्यावर तेवढ्याच डॉलरला अडीचपटीहून जास्त रुपये लागतात. रुपयांतला महसूलही वाढलेला असतो, म्हणून ओझे तितकेच वाढले असे मात्र नव्हे. पूर्वी अशी मदत केंद्र सरकार राज्यांना साधारणतः ७० टक्के कर्ज व ३० टक्के अनुदान म्हणून रुपयांत देई, विनिमयाची जोखीम स्वतः सोसे. २००५ पासूनच्या नव्या कर्जांत ती राज्याच्या तिजोरीवर आली. हा बदल व्याजदराइतकाच महत्त्वाचा आहे.

फेडीच्या ताणाने रुपया घसरला की डिझेल महागू शकते. डीएपी खताची दरवाढ बरीचशी केंद्राच्या अनुदानात जिरते. आयात खाद्यतेल महागल्याने सोयाबीनच्या भावाला आधार मिळतो, पण तो ज्याच्या घरात अजून माल आहे त्यालाच. खळ्यावरून थेट बाजार समितीत माल घालून उधारी फेडलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला नुसते महाग डिझेल येते.