खडकवासल्याच्या नद्या आणि मॉडेल रेल्वेची वळणे

मॉडेल रेल्वे करणाऱ्यांत एक वाद कायम चालतो. डिझेल इंजिनाला किमान किती त्रिज्येचे वळण द्यायचे, आणि जागा नाही म्हणून ते आवळले तर मॉडेल खरे राहते का? माझ्या मते याचा निकाल रुळांवर नव्हे, पाण्यात लागलेला आहे, आणि तोही पुण्याच्या वेशीवर, खडकवासल्यात. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक छोटी शाखा काढली; तिचेच पुढे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाले. धरणाच्या पायथ्याशी पाणी उताराने येते, त्यामुळे नद्यांच्या प्रतिकृती बांधायला ही जागा उत्तम. सिंधू नदीवरच्या सक्कर बंधाऱ्याच्या उजव्या काठच्या कालव्यांत गाळ शिरू लागला, तेव्हा क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने त्यावरचा उपाय इथल्या प्रतिकृतीत आधी तपासून पाहिला. नद्या आणि कालवे कसे वागतात यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याहूनच निघाला.

या कामातली कळीची गोष्ट अशी, की नदी सगळ्या बाजूंनी सारखी लहान करून चालत नाही. पाच मीटर खोल पात्र १:५०० ने लहान केले तर पाणी उरते जेमतेम एक सेंटिमीटर. एवढ्या पातळ थरात पृष्ठताण आणि चिकटपणा वरचढ होतात, तळाचा गाळ हलतही नाही. म्हणून आडवे माप एक आणि उभे माप दुसरे, असे धरावे लागते. इंग्लंडमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८० च्या दशकात मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती केली, तेव्हा आडवे माप १:३१,८०० आणि उभे १:९६० ठेवले होते. दिसायला ही नदी बेढब, पण भरती-ओहोटीत वाळू कुठे साचते ते तिने बरोबर दाखवले. दिसणे आणि वागणे यांतले एकच साधणार असेल तर वागणे राखायचे, असा हा मार्ग आहे.

आता रुळांकडे येऊ. कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये १९९८ पासून लोक पाहतात ते माप १:८७ चे. भारतीय ब्रॉडगेजवर वळणाची किमान त्रिज्या १७५ मीटर. या मापाने ती दोन मीटर होते, म्हणजे गाडी उलटी फिरवायला चार मीटर रुंद खोली हवी. घरातल्या टेबलावर ते अशक्य. म्हणून युरोपीय संचांत पहिले वळण ३६० मिलिमीटरचे असते, आणि अमेरिकी रिवाजाने चार आसांच्या डिझेलला ४५७ व सहा आसांच्या डिझेलला निदान ५५९ मिलिमीटर देतात. हा फरक उगाच नाही. घोरपडीच्या शेडने सांभाळलेल्या अल्को घराण्यातल्या इंजिनांना प्रत्येक बोगीत तीन आस असतात. आवळलेल्या वळणावर टोकाची चाके बाहेरच्या रुळाला घासतात, तर मधल्या चाकाची कड आतल्या रुळावर दाबली जाऊन वर चढू पाहते. मधल्या आसाला आडवी हालचाल दिली तरच इंजिन निभावते. डब्यांचेही तेच. आयसीएफ डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांतले अंतर १४.७८३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १७ सेंटिमीटर. ३६० मिलिमीटरच्या वळणावर त्याचा मधला भाग रुळाच्या मध्यरेषेपासून दहा मिलिमीटर आत झुकतो, दोन मीटरच्या वळणावर दोनपेक्षाही कमी. शेजारचा रूळ जवळ असेल तर टक्कर ठरलेलीच.

शुद्धतावादी म्हणतील, मग लांब इंजिने चालवूच नका, शंटिंगची छोटी इंजिने घ्या. पण १:८७ चे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, आणि आपला १,६७६ मिलिमीटरचा गेज त्या मापात १९.२६ भरतो. म्हणजे या रुळांवर धावणारी प्रत्येक भारतीय ब्रॉडगेज गाडी मुळातच मोडत्या मापाची आहे. शुद्धता तिथेच संपली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खडकवासल्यात माप मोडतात ते हिशेबाने, वेग आणि काळ त्याप्रमाणे दुरुस्त करून. छंदात मात्र जागेच्या टंचाईने. हे खरे आहे, आणि म्हणूनच हिशेब छंदानेही शिकावा. १९०७ च्या नेरळ-माथेरान मार्गावर वळणे डोंगराने ठरवली, तेव्हा ओरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीच्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे बाजूला सरकणारे आस बसवले गेले. वळण आवळायचे तर त्याची किंमत इंजिनाच्या घडणीत मोजावी लागली. टेबलावरही त्रिज्या आपल्या ताफ्यातल्या सगळ्यात लांब गाडीवरून ठरवावी, उरलेल्या जागेवरून नाही, आणि सरळ रुळातून वळणात शिरताना त्रिज्या हळूहळू कमी करत न्यावी.

एक विनंती आहे. नदीच्या प्रतिकृतीची आडवी आणि उभी अशी दोन्ही मापे सांगितली जातात. तुमच्या लेआउटवरही १:८७ च्या खाली सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या लिहा, म्हणजे पाहणाऱ्याला कुठे आणि किती तडजोड केली आहे ते कळेल.