खेळाडूच्या मनाला इजा झाली तर?

मैदानात स्नायू ताणला गेला की फिजिओ धावत येतो. मनाला इजा झाली तर कोण येतं? हा प्रश्न क्रीडाविश्वाने फार उशिरा विचारला. तो उशीर कसा झाला, ते पाहूया.

आधी कामगिरी, मग माणूस

१९२५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू केली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्यांना कामावर घेतलं. हेतू एकच, खेळ सुधारावा. पुढची कित्येक दशकं खेळाच्या मानसशास्त्राचा भर यावरच राहिला. खेळाडू आजारी असू शकतो, हा विचार मागे पडला.

लपवलेला आजार

फेब्रुवारी २००६ मध्ये इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक भारत दौरा अर्धवट सोडून घरी गेला. आधी कारण सांगितलं वैयक्तिक, नंतर विषाणूसंसर्ग. २००८ मध्ये आत्मचरित्रात त्याने नैराश्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. ताप सांगता येतो, नैराश्य सांगता येत नाही, अशी ती परिस्थिती होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट सुटलं, पण सॉमरसेटकडून तो २०१९ पर्यंत खेळला.

जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने नोव्हेंबर २००९ मध्ये आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी तेरेसा आणि त्याच्या डॉक्टरांनी पत्रकारांना सांगितलं की तो अनेक वर्षं नैराश्याशी झगडत होता. उपचार चालू होते, पण गुपचूप. हे बाहेर कळलं तर फुटबॉल जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही काढून घेतली जाईल, ही भीती त्याला होती. म्हणजे डॉक्टर उपलब्ध असणं पुरेसं नसतं. मदत घेतल्याची शिक्षा होणार नाही, ही खात्रीही लागते.

नियम बदलले

कॉलेजच्या खेळाडूची अडचण आणखी वेगळी. शिष्यवृत्ती खेळावर, निवड प्रशिक्षकाच्या हातात, वर परीक्षा. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएए हिने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: हंगामापूर्वी मानसिक आरोग्याची चाचणी, पात्र तज्ज्ञाकडूनच उपचार, आणि कोणाला कुठे पाठवायचं याची आधीच ठरलेली पद्धत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही या विषयावर तज्ज्ञांचं निवेदन प्रसिद्ध केलं.

२०२१ मध्ये टोकियोत सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत गिरकी घेताना शरीर कुठे आहे, याचं भानच हरपत होतं. अशा वेळी उडी मारणं म्हणजे मान मोडून घेण्याचा धोका. तिच्यावर टीका झाली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं जिंकली.

तुमच्या घरात खेळाडू असेल तर

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, झोप बिघडणं, सरावाची गोडी जाणं, दुखापतीनंतर एकलकोंडेपणा, ही लक्षणं 'फॉर्म गेलाय' म्हणून सोडून देऊ नका. 'मन घट्ट कर' हा उपचार नव्हे. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालू असते. एन्केला जी भीती वाटत होती, ती तुमच्या मुलाला वाटू नये, हे घरातूनच सुरू होतं.