विंचूदंश : रक्तवाहिन्या का आवळतात?

मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत पेंढा उपसताना, लाकडे हलवताना किंवा अंधारात अनवाणी चालताना विंचूदंशाचा धोका असतो. काळ्या विंचवाच्या दंशाने बहुधा वेदनाच होतात. कोकणात जीवघेणा ठरतो तो लाल विंचू. त्याच्या विषाचा घाला अखेर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंवर पडतो.

या स्नायूंचे काम विद्युतभारित कणांच्या, अर्थात आयनांच्या, तोलावर चालते. पेशीबाहेर सोडियम व कॅल्शियम अधिक, तर आत पोटॅशियम अधिक असते. स्नायू शिथिल असताना आतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या सुमारे दहा हजारांश इतकेच असते. पेशीच्या आवरणावरील विद्युतदाब बदलला की कॅल्शियमची द्वारे उघडतात, ते आत शिरते आणि स्नायू आवळतो. कॅल्शियम वाढताच पोटॅशियमची काही द्वारे उघडतात. पोटॅशियम बाहेर पडून विद्युतदाब पूर्ववत होतो व आकुंचनाला लगाम बसतो. या लगामाचा अभ्यास ज्या आयबेरिओटॉक्सिनच्या साह्याने जगभरच्या प्रयोगशाळांत झाला, ते १९९० मध्ये भारतातील याच लाल विंचवाच्या विषातून वेगळे करण्यात आले, हे विशेष!

दंशानंतर मात्र मुख्य अनर्थ सोडियममुळे होतो. विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे मिटू देत नाही. परिणामी ॲड्रेनालिन व नॉरॲड्रेनालिन यांचा पूर लोटतो, स्नायूपेशींतील कॅल्शियम वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब भडकतो. हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते.

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून असे रुग्ण पाहणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपाय पुढे आणला. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याची दखल घेतली. स्नायूंवरील ज्या ग्राहकांतून ॲड्रेनालिनचा संदेश आत पोहोचतो, तेच ही गोळी अडविते. प्रतिविषासोबत ती दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ मधील चाचणीत आढळले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दंशाच्या जागी वेदना किती, यावरून धोक्याचा अंदाज बांधणे फसवे ठरते. उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही विष भिनल्याची लक्षणे. अशा वेळी मांत्रिकाकडे घालविलेला तास महागात पडतो. प्राझोसिनमुळे रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला आडवे ठेवूनच द्यावी लागते.