मुलकी, नागरिक आणि राष्ट्रिक

दिलसुखनगरच्या आमच्या घरात पणजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत एक जीर्ण उर्दू कागद जपून ठेवलेला आहे : ते मुलकी असल्याचा दाखला. पणजोबा सोलापूरकडून, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी मुलखातून, निजामाच्या राज्यात आले. शासकीय सेवेत असताना मला पुष्कळदा विचारले गेले, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ त्या प्रत्येक वेळी मला हा कागद आठवे.

१९१९ च्या फर्मानाने मुलकी नियमांना निश्चित रूप आले. जन्माने रियासतीचा प्रजाजन असलेला माणूस मुलकी होताच. पण बाहेरून आलेल्यालाही ती वाट मोकळी होती. त्यासाठी किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य लागे. शिवाय, पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार आपण सोडला आहे, असे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यापुढे करावे लागे. भाषेची अट त्यात कुठेही नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड वा उर्दू बोलणारा, यांपैकी कोणीही मुलकी होऊ शके.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. निजामाचा प्रजाजन आता भारताचा नागरिक झाला. संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतातील अधिवास आणि त्याच्या जोडीला जन्म, मातापित्यांचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य हा पाया धरला. राज्याचे वेगळे नागरिकत्व उरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात स्पष्टच सांगितले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा.

राष्ट्रिकत्व ही आणखी निराळी गोष्ट. विशाखापट्टणमच्या व्यापारी कर अधिकाऱ्याविरुद्ध राज्य व्यापार महामंडळाने लढवलेल्या खटल्यात १९६३ साली न्यायालयाने हा भेद उलगडला. राष्ट्रिकत्वाचा संबंध आंतरराष्ट्रीय कायद्याशी, तर नागरिकत्वाचा देशांतर्गत हक्कांशी. म्हणून कंपनीला राष्ट्रिकत्व असू शकते. नागरिक मात्र हाडामांसाचा माणूसच.

मग मुलकीचे काय झाले? शब्द सहजासहजी गेला नाही. १९५२ साली गैरमुलकींविरुद्ध हैदराबादेत आंदोलन पेटले. वास्तव्याच्या अटीचा १९५७ चा कायदा तेलंगणापुरता न्यायालयाने १९६९ साली रद्द ठरवला; १९७२ साली मात्र जुने मुलकी नियम वैध ठरले. दोन्ही वेळा राज्य ढवळून निघाले. अखेर १९७३ च्या बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने ३७१-ड हा अनुच्छेद आला, मुलकी नियम रद्द झाले, आणि १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ‘स्थानिक उमेदवार’ ही नवी व्याख्या रूढ केली. तिचा मुख्य आधार शाळा : मॅट्रिकच्या वर्षापर्यंतची सलग चार वर्षे उमेदवार कुठे शिकला?

या व्याख्येची झळ आमच्या घराला लागली. धाकट्या भावाचे मराठी पक्के व्हावे म्हणून वडिलांनी त्याला पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत नांदेडला मामांकडे ठेवले. मी हैदराबादेत शिकलो, म्हणून स्थानिक ठरलो, तो अस्थानिक. आई एक, घर एक, नागरिकत्व एक. आणि गंमत अशी की, ज्या नांदेडमुळे तो परका ठरला, ते १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होते! वडिलांना ही चुटपुट अखेरपर्यंत राहिली. भावाने पुढे पुण्यास नोकरी धरली व तो तिकडचाच झाला.

नियमाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मागास भागातील मुलांना त्यांच्याच भूमीत संधी मिळावी, ही मागणी रास्तच होती. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१८ साली नवा आदेश आला. प्रश्नाचे स्वरूप बदलले, पण ‘स्थानिक कोण?’ हा प्रश्न राहिलाच. आपल्या जुन्या घराण्यांनी एवढे मात्र ओळखावे की नागरिकत्व देशाचे असते, स्थानिकत्व वास्तव्याने वा शिक्षणाने ठरते, आणि मातृभाषा या दोहोंच्या आड येत नाही. मराठी बोलतो म्हणून आपण उपरे ठरत नाही. पिढ्या लोटल्या म्हणून दाखला आपोआप मिळतो असेही नाही. मुलांच्या शाळेचे कागद नीट जपावेत.

परतण्याचा विचार सोडल्याचे पणजोबांनी लिहून दिले होते. मराठी सोडल्याचे त्यांनी कुठेही लिहून दिले नव्हते, आणि तसे त्यांना कोणी मागितलेही नव्हते.