कर्करोगावरील प्रतिसादी बहुवारिक नॅनोवाहक : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कर्करोगावरील रासायनिक औषधे रोगट पेशींबरोबर निरोगी पेशींनाही मारतात. डॉक्सोरुबिसिनसारखे प्रभावी औषध हृदयास इजा करते, म्हणून त्याची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. औषधाने केवळ रोगाचा वेध घ्यावा, ही कल्पना पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडली. तिच्या पुढील वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वाहकाची जडणघडण :
१९७५ मध्ये हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी या कल्पनेला रासायनिक आराखडा दिला. बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) एकाच साखळीला औषध, विद्राव्यता वाढविणारा घटक आणि लक्ष्य ओळखणारा घटक जोडावा, असे त्यांनी सुचविले. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी दाखविले, की गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात आणि तेथील लसिकेचा निचरा नीट होत नाही; त्यामुळे मोठे रेणू गाठीत साचून राहतात. वाहक गाठीत कसा पोहोचेल, या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटू लागले.

तो नेमका कोठे उघडावा, हा दुसरा प्रश्न होता. प्राग येथील यिंद्रिख कोपेचेक व इंग्लंडमधील रूथ डंकन यांनी डॉक्सोरुबिसिन चार अमिनो आम्लांच्या दुव्याने एचपीएमए बहुवारिकाला जोडले. हा दुवा रक्तात टिकतो; पेशीच्या लायसोसोममधील कॅथेप्सिन बी हे विकर मात्र तो तोडते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत रुग्णांना नेहमीच्या चार-पाच पट मात्रा सोसली. तरीही हे औषध बाजारात पोहोचले नाही. २००३ मध्ये काताओका यांच्या गटाने आम्लात तुटणारा दुवा वापरला. रक्ताचा सामू ७.४, तर लायसोसोमचा सुमारे ५ असतो. हा फरकच त्यांच्या वाहकाची किल्ली ठरला.

मर्यादा :
२०१६ मध्ये टोरांटो येथील संशोधकांनी मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के आढळले.

निष्कर्ष :
वाहक कोठे उघडावा, याचे उत्तर रसायनशास्त्राने समर्थपणे दिले. तो पोहोचेलच, हे मात्र गृहीत धरले गेले. उंदरात काही आठवड्यांत वाढविलेली गाठ आणि माणसात वर्षानुवर्षे वाढलेली गाठ सारखी नसते. म्हणून रचनेचा आरंभ प्रयोगशाळेतील रेणूपासून न करता रुग्णाच्या गाठीच्या अभ्यासापासून व्हावा, हाच या इतिहासाचा बोध होय.