प्रबंधांत वाढलेलं औषध

रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात नवं जनुक घालून कर्करोग ओळखायला लावायचं आणि त्या परत त्याच रुग्णाच्या शिरेत सोडायच्या, या उपचाराला कार-टी म्हणतात. त्याच्या जन्माची हकिकत निघाली की नामवंत प्राध्यापक आणि बड्या औषध कंपन्या पुढे येतात. मला या कुळात ठळक दिसतात ते पीएचडीचे विद्यार्थी.

पहिला जॅक मिलर. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हा ऑस्ट्रेलियातला तरुण डॉक्टर लंडनच्या चेस्टर बिटी संस्थेत उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रबंध करत होता. त्याला जागा मिळाली शहराबाहेर पोलार्ड्स वूडला, घोड्यांच्या जुन्या पागेत. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी म्हणजे मरणाऱ्या पेशींचं स्मशान, तिचा शरीराला काही उपयोग नाही, असा त्या काळचा समज होता. उंदरांत हा कर्करोग घडवणारा विषाणू या ग्रंथीबाहेरही वाढतो का, हे पाहायला मिलरने नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढून टाकली. पिल्लं खंगून मरू लागली. त्यांच्या रक्तात लसिकापेशी फारच थोड्या होत्या. दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली, तर ती झडून न पडता अंगावर रुजली आणि तिच्यावर केस उगवले. प्रतिकारशक्ती या ग्रंथीत घडते हे 1961 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. टी-पेशींमधला 'टी' या थायमसचाच.

टी-पेशी मारण्यात पटाईत, पण तिची नजर मर्यादित असते. दुसऱ्या पेशीने एका विशिष्ट रेणूवर मांडून दाखवलेले प्रथिनांचे तुकडेच तिला ओळखता येतात, आणि कर्करोगाच्या अनेक पेशी तो रेणूच दडवतात. प्रतिपिंडाला ही अडचण नाही. पेशीच्या पृष्ठभागावरची खूण तो थेट पकडतो, पण मारायची ताकद त्याच्यात तेवढी नसते. मग दोघांची सांगड घातली तर? जपानमध्ये योशिकाझु कुरोसावा यांच्या गटाने 1987 मध्ये तसा जोड-रेणू बनवला. इस्राएलमध्ये रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांच्या हाताखाली गिदियोन ग्रॉस हा विद्यार्थी त्याच मार्गावर होता. 1989 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अशी जोडलेली टी-पेशी प्रतिपिंडाच्या नजरेने शिकार ओळखते आणि स्वतःच्या बळावर तिला मारते. या प्रयोगातली खूण कर्करोगाची नव्हतीच. टीएनपी नावाचं एक साधं रसायन पेशींना चिकटवलं होतं. माझ्या लेखी या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं पान हेच. रोग बाजूला ठेवून आधी तत्त्व सिद्ध करायला धीर लागतो, आणि तो प्रबंधाच्या कामातच परवडतो.

पुढची दहा-पंधरा वर्षं निराशेची गेली. या पेशी शरीरात टिकेनात. टी-पेशीला मारण्याच्या इशाऱ्याबरोबर जगण्या-वाढण्याचा दुसरा इशाराही लागतो. तो न्यूयॉर्कमध्ये मिशेल सादलेन यांनी आणि मेम्फिसमध्ये दारिओ कंपाना यांनी वेगवेगळ्या रेणूंतून जोडून दिला. कार्ल जून यांच्या गटाने 2010 मध्ये फिलाडेल्फियात पहिल्या रुग्णांवर उपचार केले. जनुक पेशीत पोचवायला त्यांनी वापरला एचआयव्हीपासूनच बनवलेला, रोगशक्ती काढून टाकलेला विषाणू. 2012 मध्ये सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला या पेशी दिल्या, तेव्हा तिच्या शरीरात प्रतिकारशक्तीचं वादळ उठलं. रक्तात आयएल-6 हे प्रतिकारशक्तीला चेतवणारं प्रथिन बेसुमार वाढल्याचं तपासणीत दिसलं. ते रोखणारं औषध जून यांना ठाऊक होतं, कारण ते संधिवातावरचं होतं आणि त्यांच्या मुलीला संधिवात होता. त्या औषधाने एमिली वाचली, आणि कार-टीही. 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती 4,75,000 डॉलर किमतीसह.

एवढी किंमत भारतात कोण मोजणार? पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत हे काम सुरू झालं, आणि तिथेही पीएचडीची विद्यार्थिनी होतीच, अलका द्विवेदी. अमेरिकेतल्या औषधात उंदराच्या प्रतिपिंडाचा तुकडा होता, तो इथे माणसाच्या प्रतिपिंडाशी मिळताजुळता केला गेला. जून 2021 मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये या औषधाला 'नेक्सकार19' नावाने मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत ते देशाला अर्पण झालं. बी-पेशींच्या ठरावीक कर्करोगांवर, इतर उपचार थकल्यावर ते दिलं जातं. चाचण्यांमध्ये सुमारे 73 टक्के रुग्णांना गुण आला. सगळ्यांनाच येत नाही, काहींचा रोग उलटतोही, हे नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं. किंमत परदेशातल्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे तरीही लाखांच्या घरात.

ती आणखी उतरायची तर पुढचं काम नव्या प्रबंधांतूनच होणार. म्हणून सरकारकडे एक साधं मागणं आहे: संशोधक विद्यार्थ्यांची अधिछात्रवृत्ती दर महिन्याला, वेळेवर त्यांच्या खात्यात जमा करा.